वाचताना गाळलेले

हैदराबाद,
ता. २८ ऑगस्ट १९५५

तीर्थरूप आबांच्या चरणी मुंजाजीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी बोर्डिंगात खुशाल आहे. आईचा खोकला कसा आहे ते कळवावे. तुम्ही दिलेल्या घोंगडीला आधी पोरं हसली, आता पावसात तीच मागून नेतात.

एक आनंदाची बातमी. आमचे गणिताचे प्राध्यापक किशनराव यांना आम्ही घालवले. त्यांचे शिक्षण सगळे उर्दूतून. आता इंग्रजीत शिकवताना फळ्यापुढे अडखळतात, शब्द सापडला नाही की उर्दूवर येतात. वर पहिल्या चाचणीत अर्धा वर्ग नापास केला, त्यात मीही. आम्ही चाळीस जणांनी अर्ज दिला की फी आम्ही भरतो, तेव्हा माल आमच्या पसंतीचा मिळाला पाहिजे. गिऱ्हाइकाला नापास करणारे दुकान कुठे पाहिले आहे काय? मजकूर माझा होता. नोकरी हंगामीच होती, चालकांनी आठ दिवसांत निरोप दिला. जाताना ते वर्गात आले, फळा पुसला आणि गेले.

या लेकरावर आपली माया आहे तशीच राहो.

आपला
मुंजाजी

झरी,
ता. २० सप्टेंबर १९५५

चि. मुंजाजीस धोंडीबाचे अनेक आशीर्वाद. (ते बोलतील तसेच मी उतरवावे, असे त्यांचे सांगणे आहे.)

तुजं पत्र येऊन पंधरा दिस झाले, वाचायला कुनी न्हवतं. आता गावच्या शाळंत नवे मास्तर आलेत, चारठान्याकडले. लय गुनाचा मानूस. तुजं पत्र वाचता वाचता मदीच थांबले, पानी मागितलं, मग फुडं वाचलं. तुज्या मायचा खोकला कमी हाय.

मास्तराला घालवलंस, हे मला गोड लागलं न्हाई. त्याचं नाव तू लिवलं न्हाईस, पन त्याला बी लेकरंबाळं असतील का न्हाई? शेतकरी माजी मेंढरं रातभर त्याच्या रानात बसवून घेतो, लेंडीखताच्या बदल्यात जवारी देतो. जवारी दिली म्हनून कुनी मला असं म्हनलं न्हाई की धोंडीबा, पीक बी तूच काढून दे. नांगरायचं ज्याचं त्यालाच. तुजी फी म्हंजी ती जवारी. तू नांगर धरला व्हता का, तेवढं लिव.

माय तुजी वाट बगायलीय. सांभाळून ऱ्हा.

धोंडीबा, निशाणी अंगठा

हैदराबाद,
ता. २ ऑक्टोबर १९५५

तीर्थरूप आबांस मुंजाजीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटले. प्राध्यापकांचे नाव मी स्वच्छ लिहिले होते. तुमच्या नव्या मास्तरांना साधे पत्र वाचता येत नाही आणि ते शाळा चालवतात! त्यांचे नाव काय, ते कळवावे. मेंढरांची गोष्ट इथे लागू पडत नाही. जग बदलले आहे, आबा. नवे प्राध्यापक फार चांगले आहेत. पुस्तक वाचून दाखवतात, कुणाला प्रश्न विचारत नाहीत. दुसऱ्या चाचणीत सगळा वर्ग पास झाला. गणित तेवढे अजून डोक्यात शिरत नाही.

दिवाळीला येतो. राग मनात ठेवू नये.

आपला
मुंजाजी

झरी,
ता. १९ ऑक्टोबर १९५५

चि. मुंजाजीस आशीर्वाद.

मास्तरांना नाव ईचारलं तर म्हनले, खाली लिवतो. त्यायला म्या नवी घोंगडी दिली. घेतच न्हवते. म्या म्हनलं, माजा मुंजाजी तुमच्या हाताखाली शिकला असता तर लय मोठा झाला असता. तवा घेतली. तुजं गनित कच्चं हाय असं त्यायनी वाचलं, तर दिवाळीत रोज घरी येऊन शिकवतो म्हनले. पैका नको म्हनतेत. आलास की आदी त्यांच्या पाया पड. काळजावर दगड ठिवून तुला लांब धाडलंय, एवढं इसरू नको.

धोंडीबा, निशाणी अंगठा

ता. क. हे माझे. वडिलांना माझे नाव अजून सांगितलेले नाही. तुमच्या पहिल्या पत्रातले नाव आणि उर्दूबद्दलची दोन वाक्ये मी वाचताना गाळली, दुसऱ्या पत्रातले नाव स्वच्छ लिहिल्याचे वाक्यही. ती माझ्याने मोठ्याने वाचवली नाहीत. तुम्ही लिहिले ते खोटे नव्हते, मी अडखळत होतोच. पण तुमचा पेपर कोरा होता, मुंजाजी, हे अर्जात लिहायचे राहिले.

त्या मास्तरांचे पुढे काय झाले, असे तुमचे वडील मला रोज विचारतात.

पत्रे जपून ठेवली आहेत. दिवाळीत ती तुमच्या हाती देईन. मी गाळले ते वडिलांपुढे बसून तुम्ही वाचून दाखवा. मी तिथेच असेन. मग आपण गणिताला बसू.

किशनराव