संत दोनातोंच्या पालखीतील रिकामी जागा रिकामीच ठेवण्याविषयी

प्रति,
मा. नगराध्यक्ष,
नगरपालिका कार्यालय, मोंतेस्पिना,
कालाब्रिया, इटली.

अर्जदार : नुन्सिया त्रिपोदी, वय ५८, व्यवसाय शिवणकाम, राहणार रोसारिओ (दक्षिण), आर्जेन्टिना.

विषय : पालखीच्या पुढच्या उजव्या दांड्याखालची जागा त्रिपोदी कुटुंबास देण्याचे निमंत्रण मागे घेण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. १२ फेब्रुवारी २०१८ चे पत्र.

मान्यवर महोदय,

वाडवडिलांचे गाव मानून आपल्या गावाकडे तोंड करून बसलेली अर्जदार पुढीलप्रमाणे सादर करते :

१. अर्जदार ही १९२६ साली आपल्या गावातून निघून आलेल्या ब्रूनो त्रिपोदी यांची नात. ब्रूनोंच्या थोरल्या मुलाची मुले म्हणजे अर्जदार व तिचा भाऊ आन्सेल्मो (वय ६२, खाटीक). धाकट्या मुलाचा मुलगा रुज्जेरो (वय ५५, मालट्रकचा मालक). ब्रूनोंची शेवटची लेक रोसीना आत्या (वय ८७) अर्जदाराकडेच राहते. आम्ही चौदा जण ऑगस्टमध्ये आपल्या गावी येण्याची तयारी दोन वर्षे करत होतो. कोणी काय न्यायचे, आत्याला चढावर कोणी धरायचे, आजोबांचे घर कोणत्या पायरीवरून पहिल्यांदा दिसते, एवढेच बोलणे घरात असे. भांडण नव्हते.

२. आपले पत्र अर्जदाराने मार्चच्या पहिल्या रविवारी सर्वांसमोर मोठ्याने वाचले. त्या दिवशी आमच्याकडे वर्षभराच्या रश्शाचे टोमॅटो उकळून बाटल्यांत भरतात. सगळे कुटुंब अंगणात असते. पत्रात आपण प्रेमाने लिहिले होते की संत दोनातोंची पालखी आठ खांद्यांची, पण ब्याण्णव वर्षे ती सात खांद्यांवर चालते. आठवी जागा ब्रूनोंच्या एका वारसासाठी राखली आहे, त्याने ७ ऑगस्टला येऊन खांदा द्यावा. एका वारसासाठी, महोदय. वाचून संपले तेव्हा पिंपात उकळणाऱ्या बाटल्यांचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता.

आन्सेल्मो म्हणाला, “थोरल्याचा मी. मिटला प्रश्न.”

रुज्जेरो म्हणाला, “दादा, तो चढ चढणार कोण? तू की तुझी ढेरी?”

“माझी ढेरी तुझ्या बापाच्या ताटातून वाढलेली नाही.”

“माझ्या बापाच्या ताटात तुझ्या बापाने उरू काय दिलं होतं?”

यावर भरलेली बाटली रुज्जेरोच्या कपाळावर फुटली. अंगणात रक्त कोणते आणि टोमॅटो कोणता हे कळेना. बायका दोन्ही एकाच फडक्याने पुसत होत्या. सात टाके पडले. त्या दिवशी भरलेल्या बाटल्या आजपर्यंत कोणी उघडलेल्या नाहीत.

३. त्यानंतर दोघांनी सराव सुरू केला. आन्सेल्मोने घराचे दार बिजागऱ्यांतून काढून त्याला दांडे बांधले व वर अर्धा बैल ठेवला. रुज्जेरोनेही आपले दार काढले, वर सिमेंटची चार पोती. दोन्ही घरांची मुले, जावई जुंपले गेले. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी या दोन पालख्या चौकात समोरासमोर आल्या. कोणीही वळेना. रुज्जेरोने आन्सेल्मोच्या दांड्यावर हात ठेवला. मांसाशेजारी सुरा पडलेला होता. रुज्जेरोची दोन बोटे रस्त्यावर पडली आणि ती उचलायला वाकलेल्या जावयाच्या पाठीवर सिमेंटचे पोते पडले.

दवाखान्यात दोघांनीही एकच सांगितले : हाडे तोडताना हात सटकला. आमच्यात घरचे रक्त बाहेरच्याला दाखवत नाहीत. पट्टी बांधून झाल्यावर रुज्जेरो भावाला म्हणाला, “दादा, खांद्याला बोटं लागत नाहीत.”

४. दि. २० मे रोजी रुज्जेरो छऱ्यांची बंदूक घेऊन आन्सेल्मोच्या दुकानात गेला. आत दोन गिऱ्हाइके होती. त्यांना तो अदबीने म्हणाला, “मावशी, जरा बाहेर थांबता का? पाच मिनिटांचं काम आहे.” मग त्याने आन्सेल्मोच्या उजव्या खांद्यात बार काढला. त्याला जीव नको होता, खांदा हवा होता. लगेच त्यानेच भावाला ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेले. वाटेत, खांद्यातून रक्त गळत असताना, विमानात खिडकीशी कोण बसणार यावरून दोघे भांडले, असे आन्सेल्मोच अर्जदाराला सांगत होता.

आत्याला कळले तेव्हा ती खाटेपाशी येऊन रुज्जेरोला म्हणाली, “गाढवा, उजव्या दांड्याखाली माणूस डावा खांदा लावतो. एवढंही ठाऊक नाही, आणि निघाला संताला उचलायला.” खाटेवरचा आन्सेल्मो हसला. रुज्जेरो हसला नाही. त्याने भावाचा डावा खांदा नीट पाहून घेतला आणि म्हणाला, “अजून अडीच महिने आहेत.”

५. तेव्हा आत्याने आजवर दडवलेली गोष्ट त्या दोघांना सांगितली, की ऐकून तरी लाज वाटेल. आपल्या माहितीसाठी ती येथे नोंदविते, कारण आपण तरुण आहात व पालखीच्या मंडळाच्या वहीत फक्त ‘रिक्त’ एवढेच लिहिलेले असावे. ती जागा कोणाच्या मानासाठी राखलेली नाही. १९२६ साली ती जागा ब्रूनोंना न मिळता त्यांचा धाकटा भाऊ व्हितो याला मिळाली. कारंज्याच्या वळणावर ब्रूनोंनी द्राक्षवेली छाटण्याच्या कोयत्याने दांड्याखालीच भावाचे पोट फाडले. पालखी देवळापर्यंत टेकवायची नाही हा नेम आपण जाणताच. सात खांदेकरी व्हितोला ओलांडून पुढे गेले. त्याच्या रक्ताचे सात माणसांचे पाय देवळाच्या फरशीवर उमटले. त्यानंतर त्या दांड्याखाली कोणी उभे राहिले नाही, ते भीतीने. आमची आजी कणीक मळताना गाई :

डोंगरावरल्या झऱ्या, तुझं पाणी थंडगार
धाकल्या दिराच्या ओठी धरली मी शेवटची धार

आम्ही मुले ते अंगाईगीत समजून त्यावर झोपत आलो.

गोष्ट संपल्यावर आन्सेल्मो खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, “म्हणजे आजोबांनी ती जागा जिंकलेली आहे.”

रुज्जेरो म्हणाला, “आणि रक्त धाकट्याचं सांडलंय. मी धाकट्याचा. आता तर ती माझीच.”

अर्जदार तेथेच उभी होती.

६. म्हणून दि. ३ जूनच्या रविवारी, घरातले सगळे मांस भाजण्याच्या विस्तवाभोवती जमले असता, अर्जदाराने तेरा जणांची पारपत्रे निखाऱ्यांत सारली. प्रवासाची कागदपत्रे सांभाळायला तिच्याकडेच दिलेली होती. आन्सेल्मो एक तुकडा चावून म्हणाला, “आज जरा करपलंय.” हा गुन्हा अर्जदार कबूल करते. परंतु नवी पारपत्रे दोन आठवड्यांत मिळतात आणि दोघांनीही त्यासाठी अर्ज केलेले आहेत. विस्तवाने दिवस मिळाले, खांदे वाचले नाहीत. पुढचा बार डाव्या खांद्यावर येईल आणि खांद्याच्या एक वीत खाली काळीज असते.

७. सबब विनंती अशी की :

(अ) सदर निमंत्रण मागे घेतल्याचे पत्र शिक्क्यासह, दोन्ही घरांच्या नावे, एकाच टपालाने पाठवावे. एकाला आधी मिळाल्यास दुसरा दार फोडेल.

(आ) ती जागा दुसऱ्या कोणालाही देऊ नये. दिल्यास हे दोघे तो माणूस शोधत येतील.

(इ) वहीत ‘रिक्त’ या शब्दापुढे व्हितो त्रिपोदी हे नाव लिहावे. त्याचे वय एकोणीस होते.

८. येथपर्यंतचा मजकूर अर्जदाराने दि. १० जून रोजी लिहून पूर्ण केला होता. गावी एकटीने यावे, व्हितोच्या नावे दिवा लावावा आणि परत जावे, असा तिचा विचार होता. म्हणून तिने स्वतःचे पारपत्र जाळले नव्हते. परंतु पुढे घडलेले लपवणे योग्य होणार नाही.

दि. १४ जून रोजी अर्जदार अंगणातली राख झाडत होती. झाडता झाडता झाडूचा दांडा तिच्या डाव्या खांद्यावर कधी आला, तिला कळले नाही. तो तिथे नीट बसला. ती त्या दांड्यासह अंगणात चालू लागली, सावकाश, संताला घेऊन चालतात तशी, आणि तिच्या मनात आले की थोरल्याचीच आहे मी, बाई असले म्हणून काय झाले. आत्या दारात आडवी आली. म्हणाली, “नुन्सिया, खाली ठेव ते.” अर्जदाराने तिला वाटेतून ढकलले. सत्त्याऐंशी वर्षांची बाई उंबऱ्यावर पडली, तिचे उजवे मनगट मोडले, आणि अर्जदार, महोदय, तिला ओलांडून चार पावले पुढे गेली. दांडा खांद्यावरून काढला नाही.

मागून आत्या म्हणाली, “चल, तूही ब्रूनोचीच निघालीस.”

तरी वरील विनंतीत अर्जदाराचेही नाव धरावे. आमच्यापैकी कोणालाही येऊ देऊ नये.

आपल्या डोंगरापासून दूरच राहू इच्छिणारी,
नुन्सिया त्रिपोदी
रोसारिओ, दि. १९ जून २०१८

साक्षीदार : रोसीना त्रिपोदी (डाव्या हाताने सही)

सोबत :
१. आपल्या पत्राची प्रत (डाग टोमॅटोचे आहेत).
२. रुज्जेरो व आन्सेल्मो यांचे दवाखान्याचे दाखले. त्यातील कारणे खोटी आहेत.
३. रोसीना त्रिपोदी यांच्या मनगटाचा दाखला. त्यातील कारणही खोटे आहे, ते आत्याने स्वतः सांगितले.
४. अर्जदाराचे पारपत्र, मूळ. परत पाठवू नये.