मशीनला दिलेला कान

३ मार्च, सोमवार
मशीन येणार म्हणे! कपांच्या या कारखान्यात बत्तीस वर्षं मी एकेक कप लाकडी काडीने वाजवून, नुसत्या आवाजावरून तडा ओळखते. डोळ्यांना न दिसणारा तडा! साहेब म्हणाले, "बाई, ते माणसासारखा विचार करतं." करू दे की! पण माझा कान कुठून आणणार?

४ मार्च
इंजिनिअर पोरगी आली. "मावशी, तुम्ही कप वाजवा आणि चांगला की फुटका, तेवढं सांगा. मशीन त्यावरून शिकेल." म्हणजे मशीन माझ्याच हाताखाली! घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर काहीतरी पुटपुटले. हल्ली फार पुटपुटतात.

१० मार्च
चार हजार कप झाले. हात दुखतोय. पण काय रुबाब!

१२ मार्च
दाराची बेल पुन्हा बिघडली. हे अर्धा तास बाहेर ताटकळले. दुरुस्तीवाल्याला बोलवा म्हटलं, तर नुसते माझ्याकडे बघत राहिले. आळस, दुसरं काय!

१७ मार्च
आज मशीनची परीक्षा. शंभर कप — आधी मी, मग ते. शंभरच्या शंभर निकाल सारखे! एका कपाशी मी जरा अडखळले होते, तर तिथेच त्याचाही पिवळा दिवा लागला. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "ही तर दुसरी तुम्हीच!" मशीन खरंच विचार करतं का, मला ठाऊक नाही. करत असेल तर माझ्या डोक्याने करतं. अभिमानाने छाती फुगली माझी.

२८ मार्च
गिऱ्हाइकाकडून चाळीस कप परत आले. सगळे पातळ, नव्या घाटाचे. चहा ओतला की तडकतात. मशीनने पास केलेले! मी सगळ्यांदेखत म्हटलं, "बघा! शेवटी मशीन ते मशीनच. माणसाची सर येणार आहे का?" पोरीने त्यातले दहा माझ्यापुढे ठेवले. वाजवत गेले. चांगला. चांगला. दहाही चांगले!
ती हळूच जवळ आली. "मावशी, शेवटी बारीक चरचर येते ना?"
मी पुन्हा वाजवला. नाही आली.

२९ मार्च
साहेबांना मीच जाऊन सांगितलं — मशीनचं काही चुकलं नाही. मी शिकवलं तेवढं ते बरोब्बर शिकलंय. मान खाली घातली नाही.

घराची बेलही बिघडलेली नाही.