समाधीपाशी राहिलेली चिठ्ठी

६ मार्च

आलं! जर्मनीच्या विद्यापीठाचं पत्र आलं. दोन वर्षं, राहणं-खाणं त्यांचंच. काम माझंच — गावामागच्या टेकाडातून निघालेली, आमच्या चर्चच्या जुन्या कॉप्टिक भाषेतली पत्रं वाचायची. वीस तारखेच्या आत कळवायचं.

बाबा म्हणाले, "मी कोण सांगणार? आपल्या गावच्या संतांना, मार बिसूरांना, कौल लावू." झालं! संतांच्या आडून नेहमी बाबाच बोलतात.

आईने मात्र डोक्यावरून हात फिरवला. घरात तीच एक माझी.

१० मार्च

चिठ्ठ्या आईने लिहिल्या. बाबांचा तर अंगठा. एक 'जावे', एक 'जाऊ नये'. अक्षर मीच शिकवलेलं — ओळ अजून वर चढते तिची. हसू आलं, भरूनही आलं. घड्या घालून तिनेच संतांच्या समाधीतल्या अस्थींच्या पेटीवर, मखमलीखाली ठेवल्या.

११ मार्च

'जाऊ नये.'

१४ मार्च

त्या दिवशी अबूनांनी, आमच्या पाद्रीबाबांनी, प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर चिठ्ठी काढली. बाबांनी ती घरी आणून मरियमच्या तसबिरीत खोचली. येता-जाता दिसते!

"हजार वर्षांची पत्रं वाचतेस, संतांचं ताजं पत्र वाचवत नाही होय गं?" — बाबा. शेजारणी खो-खो हसल्या. आई आंबवलेल्या पिठाच्या भाकरी उन्हात फुगायला ठेवत होती. "आता रडून काय? उपासाची आहेस, दोन घास खा."

श्रद्धा आहे माझी. म्हणूनच जास्त लागलं. एका मुलीचं शिकणं संतांना एवढं का खुपावं?

१९ मार्च

नकार कळवला.

२ एप्रिल

टेकाडावरच्या खोदकामात एकाच खड्ड्यात चाळीस पुरातन चिठ्ठ्या! "देवा, मी हे लग्न करावं असं तुझ्या मनात असेल, तर ही बाहेर काढ." कौल मिळालेली चिठ्ठी माणूस घरी नेतो, दुसरी संतांपाशीच राहते. म्हणजे पुरातन समाधी इथेच होती! दोन वर्षं आम्ही जिचा पुरावा शोधतोय ती.

आमची रीत तर अजून तीच. म्हणजे माझी 'जावे' तिथेच असेल. आणून वहीत ठेवीन. तेवढीच माझी.

३ एप्रिल

समाधीवरच्या ताद्रुसकाकांनी पत्र्याचा डबा पुढे केला. "शोध तुझी तू. जत्रा आली की जाळूनच टाकतो सगळ्या."

लगेच सापडली. ओळ वर चढत गेलेली.

'जाऊ नये.'