फोनच्या पेटीत अडकलेले बाप्पा

सीब, मस्कत

ती. प्रभावन्संना विशाखाचा नमस्कार.

गुडघे कसे आहेत? तेल लावा, न लावता लावलं म्हणून सांगू नका. आम्ही इथे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. हा कागद लिहून त्याचा फोटो पाठवतेय, कारण फोनवर बोलायला लागले की तुमचे बंधुराज शेजारी येऊन कान लावतात.

तर यांनी इथल्या कुरुम भागातल्या एका गोऱ्या साहेबाकडून फोनची पेटी घेतली. विलायतेत रस्त्यावर असायची तसली, लाल, जुनी, माणूस आत उभा राहील एवढी, अख्खी लोखंडी. साहेब मुलूख सोडून चालला होता. हे गेले त्याचा विकाऊ एसी काढून आणायला आणि पेटी घेऊन आले. (एसी तिथेच राहिला.) ती भाड्याच्या फोर्कलिफ्टने हॉलमध्ये घ्यायला आमचं दार चौकटीसकट काढलं. म्हटलं, हिचं करायचं काय? तर म्हणे, मखर! यंदा सगळं मस्कत बघायला येईल.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी तिला लाल ऑइलपेंट फासला. मी म्हटलं, सुकू दे. तर म्हणे, ओमानच्या गरमीत सुकायला कितीसा वेळ? (गरमी बाहेर, हॉलमध्ये एसी!) बाप्पा आत बसले, प्रतिष्ठा झाली, वाऱ्याने समई विझते म्हणून यांनी पेटीचं दार ओढून घेतलं आणि खलास. चिकटलं ते चिकटलं. आरती बाहेरून, मोदक काचेला लावून दाखवले.

दीड दिवस झाला, बाहेरूनच उत्तरपूजाही झाली. पण मूर्ती जागची जराशी हलवल्याशिवाय विसर्जन कसं करणार? आणि काचा एवढ्याशा, फोडल्या तरी बाप्पा निघायचे नाहीत. मग यांनी डोकं चालवलं, पेटीच हलवू! आरतीला आलेल्या सगळ्या पुरुषांनी 'यल्ला, यल्ला' करत खांदा लावला. पेटी तसूभर हलली नाही, गालिचा मात्र फाटला.

मी म्हटलं, ग्राइंडर आणा, बिजागऱ्या कापा. तर हे पेटीला पाठ लावून उभे. "अगं, असली वस्तू पुन्हा मिळायची नाही!" आता आल्यागेल्याला सांगतात, बाप्पांनाच राहायचंय. (दार चिकटलंय, ते जातील कुठून?) आज पाचवा दिवस. मोदक मी वळते, हे खातात.

वन्सं, आपल्याकडे दीड दिवसाचाच गणपती. तुम्ही मोठ्या, तुम्हीच यांना ठणकावून सांगा. देवाचा खोळंबा केल्याचं पाप मला नको.

तुमची
विशाखा

ता. क. पापाचं लिहिलं ते खरंच. पण बाप्पा आहेत तोवर घरात मासे नाहीत, आणि बाजारात सुरमई अशी आलीय की मी तोंड फिरवून जाते.

आणखी एक ता. क. तुम्ही 'कापा' म्हणालात, असं मी यांना सकाळीच सांगून टाकलंय. ग्राइंडरवाला बाहेर चहा पितोय. यांचा फोन आला तर नुसतं हो म्हणा, जास्त बोलू नका.