मनगटावरची लाट

२३ सप्टेंबर १९५६, रविवार. चिंचवड.

काल संपादकांचं पत्र आलं. कवितेचा चौथा भाग दिवाळी अंकात घेतायत. बाकीच्या भागांबद्दल ‘पुढे पाहू’. सुमनला पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, “अहो, मग आता तरी जेवताना ताटाकडे बघाल ना?” बायकोचं बरोबर आहे.

तीन वर्षं चाललंय हे. स्वतःचं आयुष्य पद्यात लिहायचं. शाळेतली पोरं मागे म्हणतात, मास्तर आले, आता व्याकरण कमी आणि नदी जास्त. कॉलेजात इंग्रजीचे सर सांगायचे, तिकडच्या काही कवींनी स्वतःचीच गोष्ट लिहिली; डोंगर आणि तळी हेच त्यांचे गुरू. तेव्हा बाकावर बसल्या बसल्या वाटलं होतं, आपल्याकडे तळी नसतील, भामा नदी तर आहे. चाकणच्या पुढचं आपलं गाव आहे.

२५ सप्टेंबर.

मधल्या सुट्टीत चौथ्या भागाची स्वच्छ प्रत काढली. हा पुराचा भाग. मी नऊ वर्षांचा. श्रावण, पण गावात लख्ख ऊन. खेकडे धरायला गुडघाभर पाण्यातून मधल्या खडकावर गेलो. वर डोंगरात पाऊस कोसळत होता, ते इथे कुणाला कळणार? मागे वळून पाहिलं तर वाट गेलेली. खडक, मी आणि तांबडं पाणी. मग एका लाटेने मनगट धरून मला काठावर आणून टाकलं. त्यापुढे आठ दिवस ताप, काही आठवत नाही.

आई जन्मभर सांगायची, “नदीनं पोर नेलं आन नदीनंच दिलं.”

लिहिताना करंजाच्या ओल्या पाल्याचा वास आला. पाण्यात बसलेल्या म्हशींच्या पाठी, त्यांवर बगळे. इथे पवना आहे, बरी आहे. पण तिला माझं नाव माहीत नाही.

३० सप्टेंबर, रविवार. गाव.

वडिलांचा, दादांचा पक्ष. भोसरीहून एस.टी.ने चाकण, पुढे चालत. ते जाऊन सहा वर्षं झाली, अजून घरात शिरताना खाकरतो.

जेवणं उरकल्यावर अक्काला चौथा भाग वाचून दाखवला. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, गावातच दिलेली. कांदे निवडत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “चांगलं हाय रं दत्ता. पान्याचा आवाज आला कानात. पन त्यात येसू कुठं हाय?”

“कोण येसू?”

तिचा हात थांबला. “म्हंजे तुला म्हाईतच न्हाई व्हय?”

जसं सांगितलं तसं लिहितो. येसू नावाड्याची मुलगी, पंधरा वर्षांची. सगळा गाव काठावर ओरडत उभा. ती सुक्या भोपळ्यांची सांगड छातीखाली बांधून पाण्यात उतरली. मला धरलं. परतताना वाहत आलेला ओंडका आणि खडक यांत तिचा डावा हात सापडला. उजव्या हातातलं माझं मनगट सोडलं नाही. दोन बोटं गेली. ठरलेलं लग्न मोडलं. दादा एकदा धान्याचं पोतं घेऊन त्यांच्या दारी गेले. तिच्या बापाने घेतलं नाही. त्यानंतर आमच्या घरात तिचं नाव निघालं नाही.

मी म्हणालो, “मग आई नदीचं का सांगायची?”

“नदीची खणानारळानं ओटी भरली की फिटतं, बाबा. येसूला काय देनार हुती ती?”

नदीवर गेलो. खडक तिथेच. बसवेना.

१ ऑक्टोबर.

शिकवण्यात लक्ष नाही. चौथ्या भागात ती लाट कितीदा आलीय ते पाहिलं. पाच वेळा. ‘लाटेचा हात’, ‘हाताची लाट’. शरीराला माहीत होतं, मलाच नव्हतं. की मलाही नको होतं?

नऊ वर्षांच्या पोराचं एक वेळ ठीक. पण त्यानंतर अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याच गावात होतो. नावाड्याच्या घरावरून रोज जायचो. कधी एका शब्दाने…

अक्काने पत्ता सांगितलाय. येसूला भोसरीच्या एका बिजवराला दिली. तो वारला. आता पिंपरीला औषधाच्या कारखान्याचं बांधकाम आहे, तिथे घमेली वाहते. मी रोज सायकलवरून तिथूनच जातो.

६ ऑक्टोबर, शनिवार.

सकाळची शाळा सुटल्यावर गेलो. बायका बाभळीखाली भाकरी खात होत्या. “येसूबाई कोण?” म्हटल्यावर एक उंच, काळीसावळी बाई वळली. डावा हात पदराखाली. बराच वेळ बघत राहिली.

“सखारामदादाचा दत्तू का रं तू?”

मी मान हलवली.

ती बाकीच्या बायकांना म्हणाली, “ह्याला म्या पुरातनं काढला. लई जड हुता गं. एवढंसं पोर, पन नुसता धोंडा!”

सगळ्या हसल्या. मीही हसलो, मग डोळे भरून आले. तिने भाकरीचा चतकोर पुढे केला. “खा. रडाय काय झालं?”

मी म्हणालो, “मला कालपरवापर्यंत माहीत नव्हतं. अक्काने सांगितलं.”

“असंल. तुला सुद कुठं हुती?”

विचारलं, पाणी कसं होतं. सत्तावीस वर्षांत तिला हे कुणी विचारलेलं नसावं. भाकरी खाली ठेवली.

“वर लई आवाज. कान फाटत्याल असा. पन आत गेलं की गप. कायच न्हाई. आन तांबडं न्हाई बरं का, आत काळं. कुनी हाका मारत न्हाई, कुनी रागवत न्हाई. मला वाटलं, ऱ्हावं हितंच. तुजा हात हातात हुता म्हनून वर आले.”

मी दोन पानं गर्जनेवर खर्ची घातलीत. आत काय होतं ते मला ठाऊकच नाही.

“नदीचा राग नाही येत?”

“पान्याचा कसला राग? मानसांचा आला हुता. त्यो बी गेला. आता उन्हात घमेलं घिऊन चढताना आठवती नदी. गार वाटतं.”

मुकादमाने हाक मारली. उठता उठता म्हणाली, “तुजं घर कुठं?”

१० ऑक्टोबर.

संपादकांना लिहिलं होतं, थांबा. उत्तर आलं: अंक छापखान्यात जातोय, बदल हवा तर १९ तारखेच्या शुक्रवारपर्यंत पाठवा, नाहीतर आहे तसं छापू. आहे तसंच उत्तम आहे, असंही लिहिलंय. तेच मनात राहिलं.

येसूला कवितेत आणायचा प्रयत्न केला. आठ ओळी. वाचल्या तर पाण्यातून देवी वर येतेय. फाडल्या. येसूची देवी केली की परत ओटी भरायला मोकळे.

सुमन म्हणाली, “तिलाच विचारा ना.” मी म्हणालो, तिला वाचता येत नाही. “बोलता येतं ना?”

१४ ऑक्टोबर, रविवार. दसरा.

बांधकाम बंद. दुपारी येसूबाई आली. धुतलेलं लुगडं, ओच्यात आपट्याची पानं. सुमनला सोनं दिलं, मला दिलं. चहा घेतला. मग म्हणाली, “अक्का भोसरीच्या बाजाराला आलती. म्हनली, त्वा नदीचं काय लिवलंय. वाच.”

टाळता आलं असतं. पण आहे तसा चौथा भाग सगळा वाचला. ‘एका लाटेने मनगट धरून’ इथे आलो. तिने पदराखालून डावा हात काढून मांडीवर ठेवला, त्याकडे बघत म्हणाली, “लाट व्हय!” रागाने नाही.

मग म्हणाली, “आवाज बरुबर हाय. काठावरनं तसाच येतो. आता मी सांगते, लिव.”

पेन्सिल घेतली.

“सकाळधरनं आईशी भांडले हुते. लगीन ठरलं हुतं त्या घरी मला जायाचं न्हवतं. नदीकडं निघाले ती तुज्यासाठी न्हाई. तू मधी दिसलास.”

सुमन दारातच उभी राहिली.

“सांगड काठावर पडलेली. आदी घ्यायची न्हवती. तू दिसलास म्हनून घेतली.” जराशाने, “लगीन मोडलं तवा आई लई रडली. मी न्हाई रडले.”

तिच्या तोंडून ‘मी’ येत होतं आणि कागदावर मीही ‘मी’च लिहीत होतो. शुक्रवारपर्यंत काय पाठवायचं, खाली नाव कोणाचं, काही ठरलेलं नाही.

“लिवलंस?”

“लिहिलं.”

“वाच बरं. मी म्हनले तसंच हाय का बगू.”

वाचायला लागलो. पहिल्याच ओळीला तिने थांबवलं, “असं न्हाई म्हनले मी.”