तीन तासांचं काय करायचं

गुरुवार, ८ जानेवारी

दळण! तीन तास मोकळे मिळाले तर काय कराल, असं साधनाताईंनी कागद वाटून विचारलं आणि मी लिहिलं – दळण. माझ्या नवऱ्याने, सोमनाथने, लिहिलं, ‘विचार करून सांगतो.’ त्याचा कागद वाचला तेव्हा सगळे पालक हसले. माझ्या कागदाला कुणी हसलं नाही. बायकांपैकी निम्म्यांनी दळणच लिहिलं होतं म्हणे.

साधनाताईंच्या फिजिओथेरपीला जाणाऱ्या घरांची अदलाबदल ठरली आहे. एका शनिवारी आपलं मूल त्यांच्याकडे तीन तास, पुढच्या शनिवारी त्यांचं आपल्याकडे. आमची जोडी मखमलाबादच्या भागीबाईंशी. त्यांची मेथी-कोथिंबीर बाजारात जाते. मुलगी सायली, बावीस वर्षांची. तिला डाउन सिंड्रोम आहे. आवाज मात्र लाउडस्पीकरचा.

भागीबाईंनी कागदावर सांगून लिहवून घेतलं होतं: ‘एकटीनं पाणीपुरी खायची. वाटून नाय.’

शुक्रवार, ९ जानेवारी

भागीबाईंसाठी सूचना लिहिल्या. आमच्या निकिताला सेरेब्रल पाल्सी आहे. बोलता येत नाही, पण सगळं कळतं. वर पाहिलं की हो, डोळे मिटले की नाही. मान सरळ असल्याशिवाय घास द्यायचा नाही, नाहीतर ठसका लागतो. एक घास, मग थांबा. उशी डावीकडे. पंखा दोनवर.

अकरा पानं झाली. नऊ वर्षांत तिला परक्या घरी एकटं सोडलेलं नाही. सोमनाथ म्हणाला, अनुक्रमणिका पण घाल.

शनिवार, १० जानेवारी

आज जे झालं ते कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

निकिताला भागीबाईंकडे सोडलं. अकरा पानं हातात घेऊन त्या म्हणाल्या, “पोरी, लेक ठेवायला आलीस का मला इमान चालवायला शिकवायला?”

बाहेर पडलो. स्कूटरजवळ उभे. कुठं जायचं? तू सांग. नाही, तू सांग. वीस मिनिटं भागीबाईंच्या फाटकाकडे बघत तिथंच. शेवटी समोरच्या घरातून एक गृहस्थ आले आणि विचारलं, “पाहुणे ना? मनमाडचे?”

सोमनाथ मूळचा मनमाडचा. तो हो म्हणाला!

पुढच्या मिनिटाला आम्ही त्यांच्या सोफ्यावर. गार पाणी आलं, पोहे आले. मी सोमनाथकडे बघतेय, तो पोह्यांकडे. मग साडी नेसलेली एक मुलगी चहा घेऊन आली आणि मान खाली घालून समोर बसली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आम्ही मुलगी बघायला आलो होतो.

गृहस्थांनी विचारलं, मुलगा का नाही आला. सोमनाथच्या तोंडात पोहे. मीच म्हटलं, “मुलगा नाही आम्हाला. मुलगी आहे.”

तेवढ्यात दारात गाडी थांबली. खरे मनमाडकर! साडीवाली मुलगी इतकी हसली, इतकी हसली की तिला आत न्यावं लागलं. आम्ही उठलो, पण त्यांच्या आजींनी बसवलं, चहा पिऊन जा म्हणाल्या. मग विचारलं, तुमची मुलगी काय करते?

एरवी मी आजाराच्या नावापासून सुरू करते. मग डॉक्टर, मग ‘पण हुशार आहे हं’. आज एवढंच आलं तोंडात – “हट्ट करते.”

“सगळ्याच करतात,” आजी म्हणाल्या. आणि चिवडा पुढे केला.

चहा गरम होता. शेवटच्या घोटापर्यंत.

रविवार, ११ जानेवारी

काल लिहायचं टाळलं ते हे.

परत गेलो तर निकिताच्या ओठांना लाल लिपस्टिक, नखांना नेलपॉलिश, एका हाताला हिरवं, एका हाताला जांभळं. सायली शेजारी आरसा धरून. माझ्या अकरा पानांवर मटार सोललेले. आणि भागीबाई सांगत होत्या, वाटीभर खिचडी खाल्ली पोरीनं, वीस मिनिटांत.

माझ्याकडे एक तास लागतो.

मला आनंद व्हायला हवा होता. राग आला. सोमनाथला म्हटलं, लिपस्टिक पोटात गेली असेल.

सोमवार, १२ जानेवारी

साधनाताईंना कळवलं – निकिताला सर्दी आहे, येत्या शनिवारचं जमणार नाही.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. भागीबाई आणि सायली तिळगूळ घेऊन हजर! शिवाय सर्दीसाठी ओवा, आलं आणि गवती चहाची जुडी. सायलीनं निकिताच्या नाकाला बोट लावलं आणि बिल्डिंगभर ऐकू जाईल असं जाहीर केलं, “नाक कोरडं हाय!”

मी तिळगुळाकडे बघत राहिले.

भागीबाई रागावल्या नाहीत. जवळ बसून हळू म्हणाल्या, “सायली पहिल्यांदा माझ्या बहिणीकडं हसत ऱ्हायली ना, मी बाथरूममध्ये जाऊन रडले. वाटलं, मग मी कशाला?” मग म्हणाल्या, शनिवारी सायलीला आणते, माझी पाणीपुरी ऱ्हायलीय.

मी हो म्हटलं. सर्दीबद्दल कुणीच काही बोललं नाही.

शनिवार, १७ जानेवारी

सायली तीन तास आमच्याकडे. पहिल्या अर्ध्या तासात तिनं डबे रंगाप्रमाणे लावले. चहाची पूड अजून सापडलेली नाही. सोमनाथला भांग बदलायला लावला. त्याला शोभत नाही हे तिला आधीच माहीत होतं, तिला फक्त बघायचं होतं.

मग निकिताजवळ बसून विचारलं, हिरवं का जांभळं? मी लगेच म्हटलं, जांभळं आवडतं तिला.

“तू लय बोलती,” सायली म्हणाली. “तिला इचारलंय.”

आणि थांबली. किती वेळ! मला धीर निघेना. ती आपली बसलेली, दोन्ही बाटल्या धरून. निकितानं सावकाश हिरवीकडे पाहिलं.

जांभळं मला आवडतं.

भागीबाई परत आल्या त्या नाकडोळे पुसत. दोन प्लेट खाल्ल्या, तिखट. वाटून नाही.

सोमवार, १९ जानेवारी

संध्याकाळी सोमनाथ निकिताला गाणी लावून देत होता. मी तिची उशी सारखी करायला गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. परत माझ्याकडे, परत दाराकडे. विचारलं, बाहेर जायचंय? डोळे मिटले. भूक? मिटले. अजून विचारणार होते. नाही विचारलं. थांबले.

तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे.

“आईनं जायचं का बाहेर?” सोमनाथने विचारलं.

तिनं वर पाहिलं. एवढे मोठे डोळे करून!

जिन्यात बसून लिहितेय. आत दोघं कशाला तरी हसताहेत. कशाला, ते मला माहीत नाही.