मालूच्या फाइली

टिटवाळा,
शुक्रवार, १३ मार्च १९९८

प्रिय मालू,

मी मावशीकडे आहे. बाळकुमला तुमच्या घरी कुणी विचारत आलं तर ठाऊक नाही म्हण. उत्तमचा जबडा तारेने बांधलाय, असं कळलं. लोखंडी स्टूल मीच उचललं होतं, ते नाकारत नाही.

तू साहेबांच्या केबिनमधून नोटीस घेऊन आलीस. चार वर्षांच्या टेस्टिंगच्या फाइली गायब, सोमवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर घरी बसा. तुझा चेहरा बघवत नव्हता. आणि हा मशीनशॉपचा उत्तम टेबलावर पाय टाकून म्हणतो, काय मालूबाई, फाइली तुमच्या बाळकुमच्या खाडीत गेल्या काय, जाळं टाका की! सगळे फिदीफिदी हसले. त्याच्या फाइली नव्या सर्व्हरवर एकूण एक, तुझी एकही नाही. म्हणजे यानेच पुसल्या. माझं डोकंच फिरलं. पहिल्या फटक्याला तो खुर्चीसकट आडवा झाला. दुसऱ्याला दात पडले, प्रिंटरचा कागद लाल झाला. तू ओरडत होतीस, दौलत, सोड, मरेल रे तो. ऐकलेलं मी. सोडलं नाही.

एस.वाय.ला कॉलेज सोडून आलेलो, तेव्हा कंपनीत सगळे मला हमालच समजायचे. सगळ्यांच्या फ्लॉप्यांवरचं काम नव्या सर्व्हरवर न्यायचं, प्रत्येक सेक्शनला वेगळं फोल्डर करून द्यायचं, हे मला मिळालं तेव्हा तू एकटी म्हणालीस, बघ, अख्खी कंपनी आता तुझ्या हातात. कोपरला घरी जाईपर्यंत मी तेवढंच घोकत होतो. वेडाच आहे मी.

आता खरं सांगतो. आपल्याकडे सगळेच रोज एक फाइल करतात आणि तिला तारखेचं नाव देतात, तूही, उत्तमही. गेल्या शनिवारी तुमच्या दोघांच्याच फ्लॉप्या उरलेल्या आणि साडेपाचला तू गेटवर थांबणार होतीस. मी दोन्ही एकाच फोल्डरात ओतल्या, आधी तुझ्या, मग त्याच्या. या नावाची फाइल आहे, तिच्यावर लिहू का, मशीन विचारत राहिलं. मी होय, होय दाबत गेलो, आणि तुझी एकेक फाइल पुसून तिच्या जागी त्याची बसत गेली. मग नियमाप्रमाणे फ्लॉप्या कोऱ्या करून स्टोअरला दिल्या. उत्तम जमिनीवर पडल्या पडल्या रक्त थुंकत हेच सांगत होता, अरे येड्या, तूच आमचं सगळं एकात टाकलंस. तेव्हा मला कळलं, मालू. आणि कळल्यावर मी तिसरा फटका मारला, त्याने गप्प बसावं म्हणून. जबडा त्या फटक्याने मोडला. सोबतच्या कागदावर हे सगळं लिहून सही केलीय, सोमवारी साहेबांपुढे ठेव. मावशीचे यजमान पत्र आणि तो कागद उद्या तुला आणून देतील. तोवर मी पोलीस चौकीत हजर झालेलो असेन. भेटायला येऊ नकोस.

तरीही तुझाच,
दौलत